काटा एकदाच वाजवायचा

१

जाळ्यात राहणारा आणि माझ्या हाकेला ओ न देणारा कोळी अजून जन्माला यायचाय, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. लोक हसायचे. हसू देत. ज्यांच्या घरात विषारी कोळी निघतो ते हसत नाहीत, ते मला फोन करतात.

धंदा वडिलांचा. झुरळं-मुंग्या मारणारे गल्लोगल्ली आहेत. पाठीला टाकी बांधली, भिंतीवर फवारा मारला, की झाले ते तज्ज्ञ. कोळ्याचं तसं नसतं. तो पायांच्या टोकांवर अंग उचलून चालतो आणि तुमच्या फवाऱ्यावरून खुशाल पलीकडे जातो. त्याला आधी ओळखावं लागतं. घरातले बहुतेक कोळी बिचारे गरीब, डास-माश्या खाऊन आपलं भलंच करतात. त्यांना मी हातही लावत नाही. मला बोलावणं येतं ते दोघींसाठी. एक काळी, चकचकीत, पोटाखाली लाल खूण असलेली. दुसरी तपकिरी, कपाटात, बुटात, कपड्यांच्या घडीत लपणारी. तपकिरी जाळ्यावर बसून राहत नाही, म्हणून तिच्यासाठी भिंतीकडेने चिकट पुठ्ठे ठेवायचे. काळीसाठी मात्र माझ्याकडे काटा आहे.

शाळेत नाद शिकवायला वापरतात तो दोन दातांचा लोखंडी नादकाटा. वडिलांनी तो कुठून आणला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गुडघ्यावर आपटायचा आणि गुणगुणायला लागला की दांड्याचं टोक जाळ्याच्या कडेला अलगद टेकवायचं. आतल्या बाईसाहेबांना वाटतं, माशी अडकली. धावत बाहेर येतात. बरणी तयार असते.

“जाळं म्हणजे त्याचा कान, बारके,” वडील म्हणायचे. घरात मी धाकटी, म्हणून बारकी. “काटा टेकवलास की तू त्याच्या कानात बोलतेस. एकदाच बोलायचं. आला तर आला. नाही आला तर फट बुजवायची आणि मुकाट घरी यायचं. दुसऱ्यांदा वाजवायचा नाही.”

“का पण?”

“पहिल्या वेळी त्याला माशी ऐकू येते. दुसऱ्या वेळी तू.”

मला तो नियम कधी लागलाच नाही. माझ्या पहिल्या हाकेलाच सगळे यायचे. वडील गेल्यावर धंदा बुडेल असं म्हणणाऱ्यांची तोंडं मी या काट्याने बंद केली. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. ज्याला येतं त्याने का लाजावं?

२

ताईचा फोन आला तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. माझी थोरली बहीण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. माझ्या धंद्याबद्दल कुणी विचारलं की “ती साफसफाईच्या कामात असते” असं सांगून विषय बदलायची. आयुष्यभर. तिच्या घरी मी पाहुणी म्हणून गेले, पण कामासाठी तिने मला कधी बोलावलं नव्हतं. न बोलावता कुठे जायचं नाही हा माझा बाणा, म्हणून मीही कधी विचारलं नाही.

“बारके, जरा येशील का?” ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. “जिन्याखालच्या खोलीत यांना काळा कोळी दिसला. बाळ घरात आहे गं.”

बाळ म्हणजे माझ्या भाचीचं. भाची तान्ह्याला घेऊन काही दिवसांसाठी आईकडे राहायला आली होती. जेमतेम मान धरायला लागलेलं पोर. मी सामान भरलं, चप्पल पालथी करून झटकली आणि निघाले. चप्पल झटकल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. अंधाऱ्या जागी पाय घालायच्या आधी ती जागा झटकावी, हे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगते, मग आपण नको का पाळायला?

ताईकडे सकाळचं ऊन सगळ्या घरात आलं होतं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि त्यांच्या वरताण बाळाचं रडणं.

“आल्यापासून असंच रडतंय,” भाची म्हणाली. डोळ्यांखाली काळं झालेलं. “डॉक्टर म्हणतात पोट ठीक, कान ठीक, वजन ठीक. कॉटमध्ये ठेवलं की सुरू.”

“मेहुणीबाई आल्या!” भावोजी ओरडले. “आता कोळ्यांनी सामान बांधायला घ्या.”

“तुम्ही आधी पायात मोजे घाला, भावोजी,” मी म्हटलं, “आणि अडगळीत उघड्या हाताने खोके उपसू नका. तुम्हाला काही झालं तर ताईला टोमणे मारायला कोण उरणार?”

जिन्याखालच्या खोलीत दोन खोक्यांच्या मध्ये जाळं होतं. गोल नाही, नीटनेटकं नाही, वेडंवाकडं. काडीने एक धागा तोडला तर कट्कन आवाज आला. “ऐकलंत?” मी सगळ्यांना म्हटलं. “साध्या कोळ्याचं जाळं गुपचूप तुटतं. काळीचा धागा असा वाजतो.” काटा गुडघ्यावर आपटला, कडेला टेकवला. ती आली. काळीभोर, वाटाण्याएवढी, पोटाखाली लाल. बरणीत घेतली, झाकण लावलं, मागची अंड्यांची पिशवीही उचलली आणि बरणी ताईच्या नाकासमोर धरली.

ताईने वाकून बरणीत पाहिलं. मग म्हणाली, “बाबांसारखीच करतेस अगदी.”

तिने मला असं काही म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट पाहिली होती ते मलाच ठाऊक. बरणी पिशवीत ठेवत मी म्हटलं, “बाळाची खोली बघू.”

३

बाळाची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. नवा पिवळा रंग, स्वच्छ फरशी, खिडकीला जाळी. कॉट भिंतीला चिकटवून ठेवलेली. ही सगळ्यांची चूक. भिंतीला टेकलेला पलंग म्हणजे कोळ्यासाठी बांधलेला पूल. मी कॉट ओढणार होते, तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात तो दिसला.

जाळं नव्हतंच. एकच धागा. भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी एके ठिकाणी जराशी सुटली होती. त्या फटीतून तो निघाला होता आणि कॉटच्या पायाकडे गेला होता. ताठ, शिवणाच्या दोऱ्याएवढा जाड. कोळ्याच्या धाग्यावर धूळ बसते, केस चिकटतात, माशीचा पंख लटकतो. यावर काही नव्हतं. रोज कुणीतरी पुसावा तसा तो स्वच्छ होता.

एवढ्या वर्षांत असा धागा मी पाहिला नव्हता. पण न पाहिलेलं म्हणजे काही भुताटकी नव्हे. नवी जात असेल. जुन्या दोऱ्याचं टोक रंगाऱ्याकडून राहिलं असेल. मी स्वतःला हे सांगितलं आणि ते मला पटलंही.

बाळ भाचीच्या खांद्यावर टाहो फोडत होतं. मी काटा वाजवला आणि फटीजवळ धाग्याला टेकवला.

बाळ गप्प झालं.

हळूहळू नाही, एकदम. भाचीने दचकून त्याच्याकडे पाहिलं. काटा गुणगुणत होता तोवर ते डोळे मोठे करून फटीकडे बघत राहिलं. मला वाटलं माझ्याकडे बघतंय. गुणगुण विरली आणि ते पुन्हा रडायला लागलं.

“अगं बाई, मावशीच्या हातात जादू आहे!” भाची म्हणाली.

फटीतून मात्र कुणी आलं नाही.

मी वाट पाहिली. गुडघे दुखायला लागले. ताई दारात उभी होती. “काय गं, आला नाही?” तिने विचारलं. साधंच विचारलं, खोच काही नव्हती. पण नुकतंच जे मिळालं होतं ते हातातून निसटतंय असं मला वाटलं. सगळ्या जगासमोर खाली पाहीन, पण ताईसमोर नाही.

वडील काय सांगून गेले ते मला आठवत होतं, हेही सांगून टाकते. विसरले असते तर निदान तेवढी सबब राहिली असती.

“येईल,” मी म्हटलं. “न येऊन सांगतो कुणाला?” आणि काटा दुसऱ्यांदा वाजवला.

४

काटा थांबला. मी दात बोटांत धरून पाहिले, अगदी निश्चल. आवाज थांबला नव्हता.

तोच स्वर. माझ्या काट्याचा, लहानपणापासून ओळखीचा, एका बाजूला किंचित फाटलेला, कारण वडिलांच्या हातून तो एकदा फरशीवर पडला होता. त्या फाटलेपणासकट तो भिंतीतून येत होता.

“पंप चालू आहे का?” मी विचारलं.

भावोजी जाऊन बघून आले. पंप बंद होता. फ्रिज बंद करायला लावला, कुकर उतरवायला लावला. आवाज गेला नाही. माझ्याशिवाय कुणाच्या कानी तो पडतोय असंही दिसेना. भिंती घुमतात, पाइप घुमतात. लोखंडाला लोखंड साथ देतं हे शाळेतलं पोरही सांगेल. मी बाहेर जाऊन मागच्या बाजूने भिंत पाहिली. सलग पक्की भिंत, गिलावा कुठे तडकलेला नाही, पाइप नाही, वायर नाही. कान लावला. बाहेर पूर्ण शांतता होती. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, तेवढाच काय तो आवाज.

परत आले तेव्हा आतला आवाज थांबला होता आणि भाचीने बाळाला कॉटमध्ये ठेवलं होतं. “झोपतंय वाटतं,” ती कुजबुजली. “असं निवांत पहिल्यांदाच पडलंय, मावशी.”

मी खाली बसून धाग्याचं दुसरं टोक शोधलं. ते कॉटच्या पायाला बांधलेलं असेल असं मी धरून चालले होते. धागा पायाला चिकटून वर गेला होता, गजांमधून आत वळला होता आणि दुपट्याखाली शिरला होता. मी दुपटं उचललं.

बाळाच्या उजव्या पायाच्या एवढ्याशा अंगठ्याभोवती त्या धाग्याचा वेढा होता. गुंतलेला नव्हे, घातलेला. सैल नाही, घट्ट नाही. पाय हलला की धागा हलायचा.

जाळं म्हणजे त्याचा कान. पोर इतके दिवस रडत होतं, पाय झाडत होतं आणि पलीकडे कुणीतरी ते ऐकत होतं. मग मी आले आणि त्याच धाग्यावर दोनदा माझं नाव सांगून बसले.

५

भीती वाटली का? वाटली. पण माझं डोकं कामाच्या वेळी कामच करतं, आणि त्या दिवशी त्याने जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे.

समोर कात्री होती. दुसरं कुणी असतं तर धागा कापून मोकळं झालं असतं. पण मी आयुष्यभर कोळी पाहिलेत. धागा तुटला की तो पळून जात नाही. काय तुटलं ते बघायला येतो.

“ताई,” मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “मला इथे औषध मारायचंय. वास उग्र असतो. तुम्ही सगळे बाळाला घेऊन भावोजींच्या भावाकडे जा. मी उचलून देते त्याला. कुणी हात लावू नका.”

“एवढं काय आहे गं?”

“काळीच आहे,” मी म्हटलं. “पण मोठी.”

मी डाव्या हाताने धागा फटीच्या बाजूला धरला, ताण जराही कमी होऊ न देता. उजव्या हाताच्या नखाने तो वेढा बाळाच्या अंगठ्यावरून सरकवायला घेतला. बाळ श्वास घेई तसा पाय किंचित हलायचा. तसाच, तेवढाच धागा मी हलवत राहिले, म्हणजे पलीकडे फरक कळू नये. तो वेढा सुटला आणि माझ्या करंगळीत आला. मध्ये धागा क्षणभरही सैल पडला नाही. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. अशी सफाई त्यांच्याही हाताला नव्हती.

एका हाताने मी बाळ उचलून भाचीला दिलं. दुसरा हात कॉटमध्येच ठेवला. पावलं दूर गेली, दार लागलं, गाडी सुरू झाली. मग घरात मी आणि माझी करंगळी.

धागा ओढला गेला.

एकदाच. अलगद. जसा मी काटा टेकवते तसा. ती ओढ हाडापर्यंत गुणगुणत आली, आणि मला लाज वाटते सांगायला, पण माझं पाऊल पुढे पडलं. डोक्याने ठरवायच्या आत पायांनी ठरवलं होतं. गुडघ्यांवर बसून मी फटीशी आले. टॉर्च जमिनीवर पडला होता, त्याचा उजेड पट्टीच्या कडेने आत जात होता.

फटीच्या काळोखात दोन टोकं होती. शेजारी शेजारी, सरळ, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. कोळ्याच्या पायाला सांधे असतात, यांना नव्हते. नाहीतर ती मुद्दाम ताठ धरलेली होती. ती इतकी बारीक थरथरत होती की कडा पुसट दिसत होत्या. धागा त्यांच्या बुडाशी टेकलेला होता.

ती माझ्या काट्याची नक्कल होती. हुबेहूब.

मग ती टोकं घडी पडून आत गेली, आणि आत जाताना जेवढी घडी पडायला हवी त्याहून खूप जास्त वेळा पडली.

मी पिशवीतलं सिमेंट कालवलं आणि एका हाताने फट बुजवली, धाग्यासकट. वाळेपर्यंत तिथेच बसले. करंगळीतला वेढा काढायला गेले तेव्हा तो सापडला नाही. धागाही दिसला नाही. नुसती बारीक रेघ उमटली होती, अंगठी उतरवल्यावर राहते तशी.

६

घर साफ झालं. मी तसं सांगितलं आणि खोटं सांगितलं नाही; त्या घरात पुन्हा काही निघालेलं नाही. बाळ त्या दिवसापासून रडायचं थांबलं. भाची त्याला घेऊन आपल्या घरी, दूरच्या गावी परत गेली. ताई आता ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगते, “कोळी ना? माझ्या धाकट्या बहिणीला बोलवा. तिच्यासारखं कुणी नाही.” माझ्यासमोर सांगते, आवाज चढवून सांगते. मी मान खाली घालून ऐकते आणि आतून फुलते.

काटा मी घरी खिळ्याला टांगलाय. आता वापरत नाही. एका दुपारी मी भाजी चिरत होते आणि तो खिळ्यावरच गुणगुणायला लागला.

मी लक्ष दिलं नाही. भिंत घुमते, रस्त्यावरून जड गाड्या जातात. भाजी फोडणीला टाकली. थोड्या वेळाने फोन वाजला.

“मावशी,” भाची घाबरलेली, “बाळ अचानक किंचाळतंय गं. उजवा पाय कुणी ओढावा तसा झाडतंय. काही चावलं असेल का? मी सगळं झटकून पाहिलं.”

पाठीमागून ते रडणं ऐकू येत होतं. मी फोन कानाशी धरला आणि करंगळी हळूच वाकवली, आपण आहोत एवढं कळवण्यापुरती. काटा थांबला. फोनमधलं रडणंही थांबलं.

“थांबलं बघ,” भाची म्हणाली. “तुझा आवाज ऐकला की थांबतं. खरंच जादू आहे तुझ्यात.”

योगायोग असू शकतो. मी तो ताडून पाहिला, काटा वाजत असताना बोट मुद्दाम न वाकवता, दोनदा, आणि दोन्ही वेळा त्या पोराला रडवलं. आता ताडून पाहत नाही.

सुरुवातीला बोट वाकवलं की पुरायचं. मग उठून दारापर्यंत जावं लागलं, मग काटा हातात घेऊन रस्त्याच्या वळणापर्यंत. गेल्या खेपेला ताईच्या फाटकाशी उभी होते तेव्हा कुठे तो थांबला. ताईने खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, “अगं, आत ये की!” मी म्हटलं, पुन्हा कधीतरी.

लोक म्हणतील, बाई भ्यायली असेल. भिते, नाही कशाला म्हणू? पण जो धागा त्या एवढ्याशा अंगठ्याला होता तो मी माझ्या हाताला घेतला, आणि तो पलीकडे कळू न देता घेणारं दुसरं कुणी नव्हतं. एवढं काम चोख करून मग शेवटी हात झटकायचा? वडिलांची मुलगी आहे मी.

आज सकाळपासून काटा वाजतोय. बोट वाकवून झालं, दारापर्यंत जाऊन झालं. थांबत नाही, उलट चढतोय. फोन अजून वाजलेला नाही. तो वाजायच्या आत पोचायला हवं. ताई-भावोजी बाजारात गेलेत, किल्ली कुंडीखाली असते. पिशवीत छिन्नी आणि हातोडी घेतली. सिमेंट मीच भरलंय, कुठे ठोकायचं ते मला माहीत आहे.

दाराशी आले. चप्पल उचलली, पालथी केली, झटकली आणि पायात घातली.